गंभीर जखमी मांजरे : अवयव निकामी होण्याचा धोका

उंच इमारतीच्या खिडकीतून पडलेले किंवा वाहनाची धडक बसलेले मांजर पुष्कळदा शुद्धीवर असते आणि अंगावर मोठी जखमही दिसत नाही. तरीही काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी ते दगावू शकते. अशा मृत्यूमागे मोडलेल्या हाडापेक्षा रक्ताभिसरण खालावल्यामुळे एकामागून एक निकामी होत गेलेले अवयव असण्याची शक्यता अधिक असते.

अंतर्गत रक्तस्राव होऊ लागला की शरीर हृदय आणि मेंदू यांचा रक्तपुरवठा राखते व इतर अवयवांचा कमी करते. त्याची झळ आतडी, यकृत आणि मूत्रपिंडे यांना बसते. पुढे शरीरभर दाह पसरतो, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि दोन किंवा अधिक अवयवांचे कार्य ढासळते. या अवस्थेपर्यंत पोहोचलेल्या रुग्णाला वाचविणे फार अवघड असते.

शॉकच्या अवस्थेत मांजराचे शरीर कुत्र्याप्रमाणे वागत नाही. कुत्र्याच्या हृदयाचे ठोके सहसा वाढतात. मांजराचे मात्र मंदावू शकतात. त्यासोबत रक्तदाब घसरतो आणि शरीराचे तापमान, जे एरवी साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते, ते खाली येते. असे मांजर निपचित पडून राहते. घरच्या माणसांना ते शांत झाल्यासारखे वाटते, आणि नेमका तेव्हाच मोलाचा वेळ वाया जातो. उपचारही जपून करावे लागतात. सलाइन घाईने दिल्यास फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका असतो. म्हणून थोडे थोडे द्रव देत शरीर हळूहळू उबदार केले जाते.

सर्वाधिक फसवी इजा मूत्राशयाची. मूत्राशय फाटलेले मांजर थोडी लघवी करतही राहते, परंतु उरलेली लघवी पोटात साठते. रक्तातील पोटॅशियम वाढत जाऊन अखेर हृदय बंद पडू शकते. त्यामुळे लघवी झाली, एवढ्यावरून धोका टळला असे मानता येत नाही. फुप्फुसांना लागलेला मारही पहिल्या दिवसभरात अधिक गंभीर होऊ शकतो.

पडलेल्या मांजरांविषयीचे आकडे मात्र आशादायक आहेत. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात आणलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के मांजरे वाचली होती. क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथील ११९ मांजरांच्या २००४ मधील अभ्यासात हे प्रमाण ९६.५ टक्के होते. तेथे सुमारे एकतृतीयांश मांजरांच्या छातीला इजा झाली होती. अर्थात, जागीच मेलेली मांजरे रुग्णालयात आणली जात नाहीत. त्यामुळे 'मांजर कितीही उंचावरून पडले तरी जगते' हा समज या आकड्यांच्या आधारे पसरविणे चुकीचे ठरेल.

जखमी प्राण्याची स्थिती ठरविण्यासाठी रक्ताभिसरण, हृदय, श्वसन, त्वचा-स्नायू-डोळे, हाडे आणि मज्जासंस्था अशा सहा बाबींना शून्य ते तीन गुण देण्याची पद्धत १९९४ पासून प्रचलित आहे. एकूण गुण १८. गुण जितके अधिक, तितकी जगण्याची शक्यता कमी.

रक्त द्यावे लागल्यास गटाची तपासणी महत्त्वाची ठरते. मांजरांमध्ये ए, बी आणि एबी असे गट आहेत. बी गटाच्या मांजराला ए गटाचे रक्त पहिल्याच वेळी दिले, तरी प्राणघातक प्रतिक्रिया उद्भवू शकते. सर्वांना चालेल असा दाता मांजरांत नाही.

रुग्णालयात नेताना मांजराला पाय धरून उचलू नये. त्याला सपाट फळीवर किंवा खोक्यात ठेवून वरून कापड घालावे आणि तोंडाने दूध वा पाणी देऊ नये. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे हे मांजरात तातडीच्या धोक्याचे लक्षण होय. माणसांसाठीची पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नये. हे औषध पचवून बाहेर टाकण्याची पुरेशी क्षमता मांजराच्या यकृतात नसते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नाहीशी होते आणि एका गोळीनेही मृत्यू येऊ शकतो.

बरे होऊन घरी परतलेल्या काही मांजरांना पुढे कित्येक महिन्यांनी धाप लागू लागते. अपघातात छाती आणि पोट यांमधला पडदा फाटून यकृत किंवा आतडी छातीत सरकलेली असतात आणि ती इजा पहिल्या तपासणीत लक्षात आलेली नसते. क्ष-किरण चित्रात ती सहसा दिसून येते व शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येते.