संत गाल येथील मठाचा आराखडा

मध्ययुगीन मठाचा सर्वांत जुना उपलब्ध आराखडा स्वित्झर्लंडांतील संत गाल येथील ग्रंथसंग्रहांत आहे. तेथें इ. स. ७१९ मध्यें ओथमारनें मठ स्थापिला व इ. स. ७४७ मध्यें बेनेडिक्टची नियमावली लागू झाली. प्रस्तुत आराखडा इ. स. ८२० ते ८३० च्या सुमाराचा असून राइखेनाउ मठांत काढून संत गालचा मठाधिपति गोझबर्ट यास पाठविलेला आहे. चर्मपत्राचे ५ तुकडे शिवून केलेल्या या पटाचें माप ११२ × ७७.५ सेंटिमीटर भरतें.

साधूंस बाहेर भटकावें लागूं नये म्हणून पाणी, गिरणी, बाग हीं आवारांतच असावीं, असें बेनेडिक्ट सांगतो. त्यास अनुसरून येथें प्रार्थनामंदिराभोंवतीं भटारखाना, यवसुरा करण्याची जागा, रुग्णालय, औषधींचे १६ वाफे व कोंबड्यांचीं खुराडीं दाखविलीं आहेत. दफनभूमींत फळझाडें आहेत. मंदिरास लागून खालीं लेखकांची जागा, खिडक्यांशीं ७ मेजें, आणि वरच्या मजल्यावर ग्रंथशाळा आहे. दिवसा सात वेळां व रात्रीं एकदां प्रार्थना, मधल्या वेळांत अंगमेहनत व वाचन, असा नियम होता. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळांत प्रत्येक साधूस एक ग्रंथ मिळे, व तो त्यानें आरंभापासून क्रमानें वाचावयाचा असे.

मात्र या आराखड्याबरहुकूम मठ बांधला गेला नाहीं. म्हणून आमच्या मतें तो योजिलेल्या मठाचा पुरावा मानावा, प्रत्यक्ष झालेल्या मठाचा नव्हे.

तो टिकला कसा, हें संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. बाराव्या शतकाच्या अखेरीस एका लेखकानें पट घडी घालून त्याच्या कोऱ्या पाठीवर संत मार्टिनचें चरित्र लिहिलें. जागा अपुरी पडतांच त्यानें पुढील बाजूच्या वायव्य कोपऱ्यांतील एका मोठ्या इमारतीच्या रेषा खरडून उरलेला मजकूर तेथें उतरविला. चरित्राचें पुस्तक म्हणून पट जपला गेला, पण एक इमारत कायमची गमावली. ज्या हातानें राखलें, त्याच हातानें पुसलें.

इ. स. १८०५ मध्यें मठ मोडला. पट मात्र राहिला. जुनें पान हातीं आल्यास तें उलटून पाहिल्यावांचून बाजूस ठेवूं नये, एवढीच आमची विनंती आहे.