नळदुर्ग : धरणाच्या भिंतीत बांधलेला पाणीमहाल

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की साधारण तासाभरात नळदुर्ग येतं. हे धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातलं गाव. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी इथं गाड्यांची रांग लागते, कारण सगळ्यांना ‘नर-मादी’ धबधबा बघायचा असतो. धबधब्यासमोर फोटो काढायचा, कणीस खायचं आणि परत फिरायचं. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं होतं. हा धबधबा निसर्गाचा नाही, माणसानं बांधलेला आहे, हे आम्हाला दुसऱ्या खेपेला उमगलं.

किल्ला बोरी नदीच्या काठावर आहे. नदीपलीकडच्या टेकडीवर रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. या दोघांच्या मध्ये नदीवर दगडी धरण घातलंय. विजापूरचे सुलतान इब्राहीम आदिलशाह दुसरे यांच्या काळात, हिजरी १०२२ म्हणजे इ.स. १६१३ मध्ये, मीर मुहम्मद इमादीन यांनी हे काम पुरं केलं. विजापूरच्या इब्राहीम रोझ्यात दफन आहेत ते हेच इब्राहीम. एका भिंतीनं तीन कामं साधली: दोन्ही किल्ले जोडले गेले, शिबंदीला पाणी मिळालं आणि साठलेल्या पाण्यामुळे त्या बाजूनं शत्रूची वाट अवघड झाली.

आता कुठल्याही धरणाला जादा पाणी सोडायला वाट लागतेच. नाहीतर पूर भिंतीवरून जाईल आणि भिंत खचेल. इथं त्यासाठी भिंतीच्या माथ्यावर दोन सांडवे ठेवलेत. लोक एकाला नर आणि दुसऱ्याला मादी म्हणतात. एवढ्यावर काम भागलं असतं. पण कारागिरांनी भिंतीच्या आत जिना उतरवला आणि खाली कमानींचा सज्जा असलेलं दालन केलं. तोच पाणीमहाल. सांडवे वाहत असताना सज्जात उभं राहिलं की समोरून पाणी कोसळत असतं. डोक्यावरून नदी वाहतेय आणि आपण दगडी छपराखाली आहोत! चारशे वर्षांनंतरही हे दालन उभं आहे.

आमचं मत विचाराल तर एकदा उन्हाळ्याच्या तोंडीही जा. गर्दी नसते, पाणी नसतं, त्यामुळे दगडांची जोडणी निवांत बघता येते. फारसी शिलालेख आहे, त्यात बांधणाऱ्याचं नाव कोरलंय. घरात कोणी उर्दू वाचणारे नाना-दादा असतील तर त्यांना आवर्जून सोबत न्या. अक्षरं ओळखीचीच आहेत. नाव आणि साल सापडलं की मुलांचे डोळे कसे चमकतात ते बघा.

बाकी किल्ला मोठा आहे, चालायची तयारी ठेवा. उपळी बुरूज उंच आहे आणि पायऱ्या दमवतात, पण वरून बोरीचं खोरं आणि सगळा तट एका नजरेत येतो. वर लांबलचक तोफा आहेत. नवबुरूज मात्र चुकवू नका. सरळ गोल न ठेवता त्याला नऊ पाकळ्यांसारखा फुगवटा दिलाय, त्यामुळे तोफा वेगवेगळ्या दिशांना रोखता येत. किल्ल्यात मशीदही आहे.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. जुन्या भिंतींवर खिळ्यानं कोरलेली नावं आणि बदाम दिसतात. त्यात आपल्या पोरांचीही नावं आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. चुन्याचा गिलावा एकदा निघाला की तसा परत बसत नाही. मुलं हात लावायला लागली तर तिथंच अडवा.

पावसाळ्यात महालाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. लहानांचा हात सोडू नका आणि चप्पल धरून चालणारी घाला. पाणी जोरात असेल तर आत सोडत नाहीत, तेव्हा हट्ट करू नये. समोरच्या बाजूनंही दोन्ही धारा चांगल्या दिसतात.