मनोरुग्णालयातून सुट्टी झाली, आता पुढे काय? यवतमाळच्या कुटुंबांसाठी महत्त्वाची माहिती

रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाला म्हणजे आजार संपला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वॉर्डात फक्त तीव्र लक्षणं आटोक्यात येतात. पुढचे उपचार घरी राहूनच चालतात. जगभरातल्या अभ्यासांनुसार, डिस्चार्जनंतरचे पहिले तीन महिने आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे असतात.

यवतमाळमध्ये अडचण काय?

राज्यात ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. यवतमाळ शहराला जवळचं नागपूर, तेही सुमारे १५० किलोमीटरवर. पुसद, उमरखेडकडच्या लोकांना ते आणखी लांब. एका फेरीसाठी प्रवासखर्च होतो, दोघांची मजुरी बुडते. मग तपासणी टळते, गोळ्या संपतात आणि आजार उलटतो.

म्हणून फॉलोअपची सोय जवळ करून घेणं महत्त्वाचं. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पुढचे उपचार घेता येतील का, हे सुट्टीआधीच विचारा. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'तही यवतमाळचा समावेश होता. त्यात गावपातळीवर आशा सेविकांची मदत घेण्यात आली.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९८ नुसार, सुट्टी देण्यापूर्वी डॉक्टरांनी रुग्ण, त्याने नेमलेला प्रतिनिधी, तो ज्यांच्याकडे राहणार ते कुटुंबीय आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी चर्चा करून पुढील उपचारांची योजना ठरवायला हवी. त्यामुळे 'पुढचे उपचार कुठे आणि कसे?' हे विचारणं हा तुमचा हक्क आहे.

घरी काय काळजी घ्याल?

• डिस्चार्ज कार्ड, औषधांची नावं आणि पुढची तारीख एकत्र ठेवा.
• बरं वाटलं तरी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.
• फवारणीची औषधं घरात ठेवू नका. ठेवावीच लागली तर कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.
• लिथियम सुरू असेल तर उन्हाळ्यात विशेष जपा. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं दिसल्यास लगेच दवाखाना गाठा.
• झोप उडणं, एकटं राहणं, संशय वाढणं, जेवण सोडणं ही आजार उलटण्याची लक्षणं असू शकतात. तारखेची वाट पाहू नका.
• दारू टाळा. टोमणे, सततची टीका नको. झेपेल तेवढं काम मात्र करू द्या.

मदत कुठे मिळेल?

'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाइन २४ तास मोफत आहे. क्रमांक : १४४१६. रुग्णाइतकेच थकलेले नातेवाईकही इथे बोलू शकतात. रुग्ण मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.