ज्ञानगंगोत्रीचा माळ

स्मरणिकेसाठी लेख मागताना ग्रुपवर मला दोन अटी घातल्या गेल्या. शाळेच्या आठवणी नकोत, कारण त्या सगळेच लिहिणार आहेत. आणि कॉम्प्युटरवर तर मुळीच नको. म्हणून आपल्या नाशिकच्याच एका जागेचा थोडा इतिहास लिहिते आहे. शेवटी आपल्या वृक्षारोपणाच्या ठरावाविषयीही बोलायचं आहे.

आपल्या पिढीला विद्यापीठ म्हटलं की पुणंच आठवायचं. इथे नाशिकमध्ये राहून इंजिनिअरिंग केलं, तरी सर्टिफिकेटवर शिक्का पुणे विद्यापीठाचाच. कामासाठी तिकडे गेलेल्या प्रत्येकाला तिथली गर्द झाडी आठवत असेल. ती झाडी विद्यापीठापेक्षा जुनी आहे. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी गणेशखिंडीत गव्हर्नरांसाठी वाडा बांधायला घेतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाची तेजी होती आणि सरकारचा हात सैल होता. वाड्याभोवती बागा आल्या, मोठी झाडं वाढली. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा वाड्यासकट सुमारे ४११ एकरांचा हा परिसर त्याला मिळाला. थोडक्यात, सावली आयती मिळाली.

नाशिकच्या वाट्याला असं काही आलं नाही. तसं पाहिलं तर मोगलाईत आपल्या शहराचं नाव गुलशनाबाद होतं, म्हणजे फुलबागांचं गाव. पण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालं आणि पुढे गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन शिवारात वसलं, तिथे फुलबाग सोडाच, धड मातीही नव्हती. आठवीत आपली सहल सोमेश्वरला आणि पुढे धरणावर गेली होती, तेव्हा एसटीच्या खिडकीतून दिसलेला तो तपकिरी माळ मला अजून आठवतो. इथे कसलं विद्यापीठ, असं कुणीतरी म्हणालंही होतं.

पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे गणेशखिंडीच्या सावलीतून ते या माळावर आले. मला या इतिहासातला हा फरक फार बोलका वाटतो. तिकडे प्रश्न होता आहे ते राखण्याचा. इकडे सुरुवातच शून्यापासून.

अशा माळावर झाड का जगत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. खाली काळा कातळ, वर मुरूम आणि त्यावर वीतभर माती, तीही असली तर. जुलैत पाऊस कोसळतो आणि उतारावरून तासाभरात निघून जातो. जाताना उरलीसुरली माती घेऊन जातो. धरण जवळ असून उपयोग नाही, कारण त्याचं पाणी शहराला आणि कालव्यांना; माळाचं पाणी माळालाच अडवावं लागतं. मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत जमिनीत ओल राहत नाही आणि पावसाळ्यात हौसेने लावलेलं रोप उन्हाळ्यात वाळून जातं. म्हणून तिथे पाणलोटाचं काम करावं लागलं. याची पद्धत सरळ आहे: माथ्यापासून सुरुवात करून पायथ्याकडे यायचं. उताराला आडवे, एकाच पातळीत चर खणायचे, ओघळींवर लहान बांध घालायचे, गवत धरू द्यायचं आणि मग झाडं. वाहत्या पाण्याचा वेग निम्मा केला तर त्याची शक्ती चौथा हिस्साच उरते. हे गणित आपल्याला नववी-दहावीत शिकवलं होतं, पण त्याचा असा उपयोग तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

हे ज्ञान विद्यापीठात जन्मलेलं नव्हतं. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात ते गावोगाव कष्टाने शिकलं गेलं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी उघड्या माळावर पाणी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. राळेगणसिद्धीचं काम १९७५ नंतरचं. मुक्त विद्यापीठाचं ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पण त्याचा स्वतःचा परिसर हिरवा करणारी गंगा उलट्या दिशेने, दुष्काळी गावांकडून विद्यापीठाकडे आली, असं मी म्हणेन.

जगाच्या पाठीवर तेव्हा याच विषयावर मोठमोठे शब्द वापरले जात होते. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने ‘शाश्वत विकास’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आणला; १९९० साली फ्रान्समधल्या तालवारमध्ये जमलेल्या विद्यापीठप्रमुखांनी पर्यावरणाचा जाहीरनामा केला. आपलं विद्यापीठ स्थापन झालं ते या दोन्हींच्या मधल्या वर्षी. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांची नावं सापडतात. कुदळ मारणाऱ्यांची आणि उन्हाळाभर पाणी घालणाऱ्या माळ्यांची नावं कुठल्या कोनशिलेवर असतात?

एक शंका नेहमी काढली जाते. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी घरी बसून शिकतात, मग एवढी झाडं कुणासाठी? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. एक तर तिथे १९९४ पासून कृषी विज्ञान केंद्र आहे, शेतकरी येतात. आणि दुसरं म्हणजे नकाशावर मोकळी दिसणारी जागा रिकामी असते, ही समजूतच शहरं खाते. १९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकमध्ये कॉलेज काढलं, आजचं एचपीटी. त्यावरून कॉलेज रोडला नाव पडलं. आज कॉलेज रोड म्हटलं की आपल्या मुलांना कॉलेज आठवत नाही, दुकानं आणि कॅफे आठवतात. २०२७च्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय निघाला, तेव्हा २०२५च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. आपल्यातलेही काही जण होते. ‘रिकाम्या’ जागेची किंमत आपल्याला ती जाताना कळते.

आता ठरावाकडे येते. स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेत पन्नास झाडं लावायची, असं बहुमताने ठरलंय. माझी हरकत नाही, पण वनमहोत्सव १९५० पासून चालू आहे आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप, हा विनोदही जवळपास तितकाच जुना असेल. माझी सूचना अशी: पन्नासऐवजी पंधरा झाडं लावू या, देशी; कडुनिंब, करंज, वड, आपटा, कांचन असली. उरलेले पैसे तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी आणि शिपाईमामांच्या मानधनासाठी बाजूला ठेवू या. आणि रोपं आणण्याआधी मैदानाचा उतार बघू या. आपल्या वेळी पावसाचं सगळं पाणी मागच्या भिंतीकडून येऊन थेट फाटकातून रस्त्यावर जायचं. त्यात ज्यांच्या चपला वाहून गेल्या, त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे एक आडवा चर पुरेल, असा माझा अंदाज आहे, पण तो पडताळायला हवा.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही चार-पाच जण छत्र्या घेऊन शाळेत जाणार आहोत, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघायला. भूगोलाच्या बाईंनी येते म्हणून सांगितलंय. आणखी कुणाला यायचं असेल तर ग्रुपवर कळवा.