दातवणाचं झाड कोणतं?

‘दातवण’ शब्दात दात तर दिसतोच, पण मागचं ‘वण’ म्हणजे वन नव्हे आणि जखमेचा वणही नव्हे. संस्कृतात ‘पू’ म्हणजे शुद्ध करणं, त्यावरून पवन. दंतपवन म्हणजे दात स्वच्छ करणारं. प्राकृतात त्याचं दंतवण झालं, आपल्याकडे दातवण, गुजरातेत दातण, हिंदीत दातुन. वंशावळ सरळ आहे. फक्त तिच्यात झाडाचं नाव कुठेच नाही.

६७१ साली चीनहून निघालेला भिक्खू इत्सिंग नालंदेत दहाएक वर्षं राहिला. दंतकाष्ठावर त्याने स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. काडी बारा अंगुळं लांब, तोकडी म्हटली तरी आठ, आणि करंगळीएवढी जाड; एक टोक सावकाश चावून त्याचा कुंचा करायचा, दात घासायचे, मग तीच काडी मोडून जीभ खरवडायची. त्याची कुरकुर होती ती आपल्या देशबांधवांच्या भाषांतरावर. चीनमध्ये दंतकाष्ठाला ‘यांगझी’ म्हणत. म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाची फांदी. भारतात ते झाडच क्वचित आढळतं, हे त्याने बजावून सांगितलं. ऐकतो कोण! तोच शब्द जपानात ‘योजी’ झाला आणि आज तिथे दात कोरायच्या काडीला चिकटलेला आहे. आपल्याकडे तर दातवणाने काडीही सोडली: बायका दात काळे करायला लावत ती पूडसुद्धा दातवणच.

शब्दाने झाड विसरलं तर कोशकार सांभाळून घेतो. तोंडाला ते परवडत नाही.

चरकाच्या सूत्रस्थानात दातवणासाठी करंज, करवीर, अर्क, मालती, ककुभ आणि असन ही झाडं सांगितली आहेत. करवीर म्हणजे आपली कण्हेर, अर्क म्हणजे रुई. कण्हेरीच्या पानाफुलांपासून सालीपर्यंत सगळ्यात हृदयाची लय बिघडवणारं विष असतं. रुईचा चीक तोंड भाजून काढतो. खुद्द आयुर्वेदाने या दोघांना उपविषांत बसवलं आहे. तेव्हा ‘ग्रंथात आहे म्हणून निर्धोक’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. सुश्रुत मला जास्त सावध वाटतो. तो चवीप्रमाणे निवड करतो: कडूत निंब, तुरटात खैर, गोडात मोह, तिखटात करंज. शिवाय तोंड आलेल्याने, घसा सुजलेल्याने, खोकला किंवा उलटी होत असलेल्याने दातवण करू नये, असंही सांगतो. हे पथ्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८७ साली, जिथे रिवाज आहे तिथे अशा काड्या वापरायला पाठिंबा दिला. अरबस्तानात पीलूची मिसवाक आजही चालते. पण जोर लावून आडवं घासलं की हिरड्या मागे सरतात, आणि टूथपेस्टमधल्या फ्लोराइडचं संरक्षण काडीतून मिळत नाही.

काडी तोडायचीच तर ओळखीच्या कडुनिंबाची किंवा बाभळीची तोडा, रस्त्याच्या धुळीतली नको. चोथा गिळू नका. आणि कुंपणाची कण्हेर, पोथीत असली तरी, तोंडात घालू नका.