महासागराचे अंकीय प्रतिरूप

महासागराच्या प्रत्यक्ष स्थितीशी सतत जुळवून घेतले जाणारे त्याचे संगणकीय रूप. पाण्याचे तापमान, लवणता, प्रवाह, लाटा, पातळी, विरघळलेला ऑक्सिजन, जीवसृष्टी इत्यादींची मापने ज्यात अखंडपणे समाविष्ट होतात, त्यांवरून पुढील स्थितीचे गणित ज्यात मांडले जाते आणि ‘अमुक केले, तर काय होईल?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडून मिळविता येते, अशा व्यवस्थेला ही संज्ञा लावतात. ती ‘डिजिटल ट्विन’ या नावानेही ओळखली जाते. या विषयात तीन संज्ञांमधील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. पाणी, वाळू व काँक्रीट यांनी लहान प्रमाणात रचलेली ती प्रतिकृती. समीकरणांच्या रूपात मांडलेले ते गणितीय प्रतिमान. आणि मूळ वस्तूशी मापनांच्या द्वारे कायम जोडलेले प्रतिमान ते प्रतिरूप. संशोधक, शासन, बंदरे, मच्छीमार अशा सर्वांना ज्याचा समान उपयोग करता येतो, ते सामायिक प्रतिरूप होय.

संज्ञेचा उगम : ही कल्पना महासागरविज्ञानात कारखानदारीतून आली. एप्रिल १९७० मध्ये ‘अपोलो–१३’ या अवकाशयानात बिघाड झाला, तेव्हा जमिनीवरील सदृश यंत्रणेवर उपाय पडताळून ते अंतराळवीरांना कळविण्यात आले. हे या कल्पनेचे पूर्वरूप मानले जाते. २००२ मध्ये मायकेल ग्रीव्ह्ज यांनी मिशिगन विद्यापीठात औद्योगिक उत्पादनाच्या संदर्भात तिची मांडणी केली आणि २०१० च्या सुमारास अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने आजची संज्ञा रूढ केली. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील मोटारउद्योगासारख्या उद्योगांत नवे वाहन प्रत्यक्ष घडविण्याआधी त्याची संगणकावर परीक्षा घेण्याची पद्धत आता परिचयाची आहे. तथापि यंत्र हे मनुष्याने योजून घडविलेले असते. त्याचा प्रत्येक भाग ज्ञात असतो. महासागर तसा नाही. त्याचा आराखडा कोणाजवळ नाही, म्हणून त्याचे प्रतिरूप रचण्याचा इतिहास हा मुख्यतः मापनाचा इतिहास आहे.

पुणे परिसराचा संबंध : हा पट्टा अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सु. १०० किमी. अंतरावर व सह्याद्रीच्या पूर्वेस असला, तरी त्याचे व्यवहार समुद्रावर अवलंबून आहेत. पिंपरी-चिंचवड शहराला पाणी पुरविणारे पवना धरण मावळच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाने भरते आणि तो पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या मॉन्सून वाऱ्यांचा असतो. चाकणच्या कारखान्यांचा माल मुंबई व न्हावाशेवा या बंदरांतून परदेशी जातो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजा–३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले व सु. ३०० मालपेट्या समुद्रात पडल्या. त्यामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातही हानी केली. समुद्राचे भाकीत हा केवळ किनाऱ्यावरील लोकांचा प्रश्न नाही, हे यावरून स्पष्ट होते. समुद्राची लहान रूपे रचण्याचे भारतातील महत्त्वाचे प्रयत्न याच परिसरात झाले, ही गोष्ट त्यामुळे विशेष उल्लेखनीय ठरते.

खडकवासल्याच्या प्रतिकृती : मुंबई प्रांताच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये एक स्वतंत्र विभाग स्थापन केला. पुढे खडकवासला धरणाच्या खालच्या अंगास त्याची प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९३६ मध्ये ती मध्यवर्ती सरकारकडे गेली. आजचे केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र ते हेच. येथील संचालक सर क्लॉड इंग्लिस पुढे इंग्लंडमधील वॉलिंगफर्ड येथील जलसंशोधन केंद्राचे प्रमुख झाले. आरंभी येथे कालवे व नद्या यांचा अभ्यास होत असे. नंतर बंदरे, खाड्या व किनारे हे विषय आले आणि देशातील बहुतेक मोठ्या बंदरांच्या प्रतिकृती येथे रचल्या गेल्या.

अशा प्रतिकृतीची रीत पुढील उदाहरणावरून कळेल. १० किमी. रुंदीचा बंदराचा भाग १ : ४०० या प्रमाणात घेतला, तर तो २५ मी. जागेत मावतो, परंतु त्याच प्रमाणात १० मी. खोलीचे पाणी अवघे २·५ सेंमी. उरते व त्यातील प्रवाह खऱ्या प्रवाहासारखा वागत नाही. म्हणून उभे प्रमाण वेगळे, उदा., १ : १०० असे घेतात. मग काळाचे प्रमाण १ : ४० येते आणि निसर्गात सु. १२ तास २५ मिनिटे चालणारे भरती-ओहोटीचे चक्र प्रतिकृतीत १९ मिनिटांच्या आत पुरे होते. महिन्याचा समुद्र १८ तासांत पाहता येतो. गोदी कोठे बांधावी, धक्का किती लांब असावा, जहाजांच्या मार्गात गाळ कोठे साचेल यांसारखे प्रश्न या रीतीने अजमावले जातात [⟶ भरती-ओहोटी].

या पद्धतीच्या मर्यादा उघड होत्या. एक प्रतिकृती एका बंदरापुरती व बहुधा एका प्रश्नापुरती असे. खोल समुद्र, वारा व जीवसृष्टी यांना तीत वाव नसे. मात्र तिचा एक गुण पुढील काळात दुर्मिळ झाला. प्रतिकृतीच्या काठावर उभे राहून अभियंता, बंदराचा अधिकारी व सामान्य मनुष्य हे तिघेही तोच प्रवाह स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत. निष्कर्षाबद्दल मतभेद झाला, तरी पुरावा सर्वांसमोर असे.

मापनाची परंपरा : मुंबईच्या अपोलो बंदरावरील पातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या असून हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. या व अशा इतर नोंदींचे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये विश्लेषण केले. त्यात उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर पातळीची सरासरी वाढ दरवर्षी सु. १·३ मिमी. आढळली. नोंदी करणाऱ्यांचा मूळ हेतू जहाजांसाठी भरतीची कोष्टके तयार करण्याचा होता. शतकानंतर त्याच नोंदी हवामानबदलाचा पुरावा ठरल्या.

खुल्या समुद्राविषयीची माहिती मात्र दीर्घकाळ तुटपुंजी होती. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९५९–६५) विविध राष्ट्रांच्या चाळीसहून अधिक जहाजांनी भाग घेतला. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे असून एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक होत. ‘गवेषणी’ (१९७६) व ‘सागरकन्या’ (१९८३) या संशोधन-जहाजांनी हे कार्य पुढे नेले. जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असते, ही अडचण कृत्रिम उपग्रह व ‘आर्गो’ प्लवक यांमुळे बरीच कमी झाली. आर्गो प्लवक सु. १,००० मी. खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मी. खोलीपर्यंत जाऊन मापने घेत वर येतो आणि ती उपग्रहाद्वारे पाठवितो. जगभर असे सु. ४,००० प्लवक असून या योजनेत भारतही सहभागी आहे. त्यांची मापने कोणत्याही देशातील कोणालाही विनामूल्य मिळतात.

गणितीय प्रतिमाने : महासागराचे जालकांमध्ये विभाजन करून प्रत्येक बिंदूवर प्रवाह, तापमान व लवणता यांची समीकरणे सोडविण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रिन्स्टन येथे कर्क ब्रायन व त्यांचे सहकारी यांनी विकसित केली. जालकाच्या आडव्या बाजू निम्म्या केल्या, तर बिंदू चौपट होतात व कालखंडही निम्मा घ्यावा लागत असल्याने गणनेचे काम आठपट होते. त्यामुळे या शास्त्राची प्रगती संगणकाच्या शक्तीशी बांधली गेली.

पुण्यात या दोन्ही बाजूंची साधने क्रमाने जमत गेली. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या खात्याचा एक भाग म्हणून उष्णकटिबंधीय हवामानाची संशोधन संस्था स्थापन झाली व १९७१ मध्ये तिला स्वायत्तता मिळाली. पाषाण येथील ही भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्था होय. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) पुण्यात सुरू झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम–८०००’ हा महासंगणक तयार झाला. पाषाणच्या संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ व २०२४ मध्ये ११·७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ हे महासंगणक कार्यान्वित झाले.

मॉन्सूनचे भाकीत केवळ वातावरणाच्या अभ्यासाने होत नाही. समुद्रपृष्ठाचे तापमान त्याला निर्णायक वळण देते. म्हणून २०१२ पासूनच्या राष्ट्रीय मॉन्सून अभियानात महासागर व वातावरण यांचे जोडप्रतिमान स्वीकारण्यात आले. ते मुळात अमेरिकेत तयार झालेले असून पुण्यात त्यात सुधारणा करण्यात आल्या. याच संस्थेने रचलेले पृथ्वी-प्रणालीचे प्रतिमान हवामानबदलविषयक आंतरराष्ट्रीय तुलनेत सहभागी झालेले भारतातील पहिले प्रतिमान ठरले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या हवामानबदलाच्या आढाव्यानुसार १९५१–२०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठाचे तापमान सु. १° से.ने वाढले; त्याच काळातील जागतिक सरासरी वाढ ०·७° से. होती.

सामायिक प्रतिरूपाकडे : प्रतिमान व प्रतिरूप यांतील अंतर २०२० नंतर कमी होऊ लागले. संयुक्त राष्ट्रांच्या महासागरविज्ञान दशकात (२०२१–३०) या विषयाचा स्वतंत्र कार्यक्रम समाविष्ट झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्रान्समधील ब्रेस्त येथील महासागर परिषदेत यूरोपीय संघाने आपले प्रतिरूप सर्वांना खुले करण्याची योजना जाहीर केली. भारतात हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) मत्स्यक्षेत्रांच्या सूचना, सागरस्थितीचे भाकीत आणि २००७ पासून त्सुनामीचा इशारा देते. विखुरलेली सागरी माहिती एकत्र पाहता यावी, यासाठी या केंद्राची ‘डिजिटल ओशन’ ही सेवा डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल महासागर मोहिमेस केंद्र शासनाने मंजुरी दिली. मात्र माहिती एकत्र दाखविणे व तिच्यावर पर्यायांची परीक्षा घेणे या भिन्न पायऱ्या आहेत. नव्या बंदराने लगतच्या मच्छीमारांच्या खाडीत गाळ वाढेल काय, सांडलेले तेल कोणत्या किनाऱ्यास लागेल, यांची उत्तरे दुसरी पायरी गाठल्यावरच मिळतात.

अडचणी : पहिली अडचण मापनाची आहे. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन सु. ३०० किमी. पर्यंत पसरली असून तिच्यावर पाणी उथळ आहे. खोल पाण्यासाठी योजलेले आर्गो प्लवक तेथे उपयोगी पडत नाहीत. मासेमारी व जहाज-वाहतूक यांची जेथे सर्वाधिक दाटी, तेथेच मापनाची उणीव आहे. दुसरी अडचण सूक्ष्मतेची. अधिक बारकाईच्या नकाशांवर मोजल्यावर भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किमी. वरून ११,०९८ किमी. झाली. किनारा बदलला नव्हता, मोजपट्टी बदलली होती. कोकणातील लहान खाडी ज्या जालकात दिसतच नाही, त्या जालकावरून तिच्याविषयी धोरण ठरविणे धोक्याचे असते.

तिसरी अडचण माहितीच्या मालकीची. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रातील संशोधनास त्या राष्ट्राची संमती लागते आणि संरक्षणाच्या कारणास्तव अनेक राष्ट्रे जवळच्या समुद्राची माहिती राखून ठेवतात. बंदरे व खाजगी कंपन्या आपल्यापुरती मापने करतात. ती बाहेर येतातच असे नाही. परिणामी दूरच्या महासागराची माहिती सर्वांना मिळते आणि दारातल्या समुद्राची मिळत नाही, अशी विसंगती निर्माण होते.

मूल्यमापन : खडकवासल्याची पाण्याची प्रतिकृती व पाषाणच्या महासंगणकातील महासागर यांत शास्त्राच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, दुसऱ्याची व्याप्ती पहिलीला शक्य नव्हती. परंतु संगणकातील समुद्र काठावर उभे राहून पाहता येत नाही. त्याची गृहीतके, मापने व चुकीची मर्यादा उघड केली नाही, तर त्याचे उत्तर केवळ विश्वासाने मानावे लागते आणि धोरणाच्या वादात ते ज्याच्या हाती, त्याचेच साधन बनते. प्रतिरूप सामायिक असावे, या आग्रहाचे मूळ यात आहे. मच्छीमाराला त्याच्या भाषेत उत्तर मिळणे, ते त्याच्या अनुभवाशी ताडून पाहता येणे आणि चूक आढळल्यास ती प्रतिमानात दुरुस्त होणे, एवढे साधले, तर प्रतिकृतीचा जुना गुण प्रतिरूपात उतरला असे म्हणता येईल.