मोह, आंबा, टेंभुर्णी : झाड कुणाचं?

उन्हाळा लागला की भल्या पहाटे टोपली घेऊन आपण मोहाखाली जातो. हे आजीच्या आजीपासून चालत आलंय, असं आपल्याला वाटतं. पण मध्ये एक काळ असा होता, की या फुलांवरही सरकारचा पहारा बसला. आज तीच गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

आधी जुना रिवाज बघू. गोंड-माडिया गावांत पंडुम होईपर्यंत नवं फळ कुणी तोंडात घालत नाही. आंब्याचा तो मरका पंडुम. यामागे मोठं शहाणपण आहे. कैऱ्या आधीच ओरबाडल्या तर कोय रुजणार कशी? आणि एकाच दिवशी सुरुवात झाली, की म्हातारीलाही वाटा मिळतो.

राज्यकर्त्यांनाही हे कळत होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात सांगितलंय, की आंब्या-फणसाचं लाकूड आरमाराला उपयोगी असलं तरी त्या झाडांना हात लावू नये. रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच तोडावं.

इंग्रजांनी हे उलटं केलं. 1878 च्या वनकायद्यानं जंगल राखीव झालं आणि गावाचा हक्क ‘सवलत’ बनला. पुढे 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा आला. घरोघरी मोहाची दारू निघाली, तर सरकारी दारूचा महसूल बुडत होता. पण तीच फुलं गरिबाघरी अडीनडीचं अन्न होती, याचा विचार झाला नाही.

हक्क परत यायला फार वर्षं लागली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 2012 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला मिळाला. पाचगावनं एक अवघड निर्णय घेतला : तेंदूपानं तोडायची नाहीत. पानांचा पैसा उन्हाळ्यात हातात येतो, तो सोडणं सोपं नव्हतं. पण चांगल्या पानांसाठी झाडं छाटतात, जंगलाला आग लावतात. मग टेंभरं येणार कुठून? ती माणसांनी खायची, पाखरांनीही खायची. गावानं फळ निवडलं आणि कमाईसाठी बांबूवर भर दिला.

मैत्रिणींनो, पाचगावसारखाच निर्णय प्रत्येक गावानं घ्यावा, असं आमचं म्हणणं नाही. पण निर्णय होतो तेव्हा आपण तिथे असतो का? वनहक्काच्या ग्रामसभेला हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियमच आहे. फुलं वेचणारी, टोळी फोडून तेल काढणारी बाईच. कोणतं झाड कधी बहरतं, हे तिलाच ठाऊक. म्हणून येत्या बैठकीत आपल्या शिवारातल्या मोह, चार, आंबा, टेंभुर्णीची मोजणी करा. यादी ग्रामसभेत वाचा आणि ठरावात लिहून घ्या. तोंडी रिवाज एकदा मोडला होता, आता तो कागदावरही असू द्या.